बिबड्यापासून इन्स्टाग्रामपर्यंत: खान्देशातल्या छोट्या धंद्याने मोबाइलवर गिऱ्हाईक कसं जोडावं

घरगुती उद्योग करणारी एखादी ताई किंवा नवा दुकानदार सोशल मीडियाचा विषय काढतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फॉलोअर कसे वाढवायचे?" त्यावर माझा उलटा प्रश्न असतो, माल कुठपर्यंत पोचवता येतो? एरंडोलला गरमागरम शेवभाजी विकणाऱ्याला मुंबईतले दहा हजार फॉलोअर मिळाले, तरी संध्याकाळी गल्ल्यात काही पडणार नाही. त्याला एरंडोल, धरणगाव, कासोदा इथले पाचशे लोक पुरेत. पण माल टिकाऊ असेल, म्हणजे बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, काळा मसाला, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, केळीचे वेफर्स, तर हिशोब पार बदलतो. गावात हे सगळं घरोघरी होतं, विकत कोण घेणार? घेणारा बसलाय सुरतेत उधना-लिंबायतला, नाशकात सिडको-सातपूरला, कल्याण-उल्हासनगरला, पिंपरी-चिंचवडला. पोटापाण्यासाठी गाव सोडलेला खान्देशी माणूस हा तुमचा सगळ्यात पक्का गिऱ्हाईक. त्याला चव समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा: माझा माल कोण घेतं, आणि तो माणूस राहतो कुठे. पुढची प्रत्येक पायरी या दोन ओळींवर ठरते. उदाहरणासाठी चोपड्यात बिबडे-पापड-मसाला करणारी एक ताई धरू. तुमचं चपलांचं दुकान असेल, शिवणकाम असेल किंवा ठिबकचं साहित्य असेल, तरी पायऱ्या याच.

पहिली पायरी: धंद्याचा वेगळा नंबर

सुरुवात इन्स्टाग्रामपासून करायचा मोह होतो. आवरा. आपल्याकडे खरा व्यवहार व्हॉट्सॲपवरच होतो. दर तिथेच विचारतात, पत्ता तिथेच पाठवतात, पैसे टाकल्याचा स्क्रीनशॉटही तिथेच येतो.

नवं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. ॲप फुकट आहे आणि घरच्या साध्या व्हॉट्सॲपसोबत एकाच फोनमध्ये चालतं, फक्त दोन्हींचे नंबर वेगळे हवेत. घरचाच नंबर धंद्याला दिला तर लग्नाच्या पत्रिका, गावचे ग्रुप आणि ऑर्डरी एकमेकांत मिसळतात, आणि नेमकी ऑर्डरच खाली जाते.

प्रोफाइलमध्ये नाव, गाव, वेळ आणि काय मिळतं ते लिहा. मग कॅटलॉग. त्यात पाचशेपर्यंत वस्तू बसतात, पण ताईला आठ-दहा पुरेत. प्रत्येक वस्तूला स्वच्छ फोटो, वजन आणि दर. दर लपवू नका. "भाव फोनवर विचारा" असं लिहिलं की निम्मे लोक विचारतच नाहीत आणि उरलेले महागच असणार असं धरून चालतात.

लेबलची सोय सुरुवातीपासून वापरा. 'नवीन', 'पैसे बाकी', 'पार्सल गेलं', 'सुरत', 'पुणे' एवढी लेबलं लावली तरी महिन्याभराने कोणत्या शहरात किती गिऱ्हाईक आहे ते एका नजरेत दिसतं. क्विक रिप्लाय हीही अशीच कामाची सोय. रोज तेच टाइप करण्याऐवजी उत्तर एकदाच नीट लिहून ठेवायचं. कोणी विचारलं, "ताई, बिबडे कसे दिले?" की लगेच जावं:

"राम राम दादा. ज्वारीचे बिबडे, अर्धा किलो १६० रुपये, पार्सल खर्च वेगळा. कोणत्या गावी पाठवायचे? आज ऑर्डर दिली तर परवा निघतील."

उत्तरात दर आहे, वजन आहे आणि शेवटी एक प्रश्न आहे. त्या प्रश्नामुळे समोरचा पुढचं बोलतो. नुसतं "१६०" लिहून पाठवलं तर संभाषण तिथेच बसतं.

आता ब्रॉडकास्ट. नवखे इथेच अडकतात. एका यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो, पण तो पोचतो फक्त त्यांनाच, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय. तुम्ही त्यांचा केलाय की नाही, एवढ्याने भागत नाही. यादी भरलेली दिसते, निरोप गेल्याचं दिसतं, आणि निम्म्या लोकांना तो कधी मिळतच नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाका: "हा नंबर 'चोपडा बिबडे' नावाने सेव्ह करा, नवा माल निघाला की कळवू." गिऱ्हाईक समोर असेल तर तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या, संकोच नको. आणि आठवड्याला एखाद-दुसराच निरोप पाठवा. रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्याला लोक मुकाट्याने ब्लॉक करतात.

न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका. पन्नास जण ओढले की चाळीस बाहेर पडतात.

गूगल नकाशावर नाव

हे काम एका दुपारचं, पण लोक वर्षानुवर्षं टाळतात. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. भुसावळ स्टेशनवर उतरलेला माणूस "जवळचं जेवण" शोधतो तेव्हा इन्स्टाग्राम नाही, नकाशा उघडतो. खातं उघडलं की गूगल पडताळणी मागतं. बऱ्याचदा दुकानाची पाटी, रस्ता आणि आतली बाजू दिसेल असा व्हिडिओ द्यावा लागतो. म्हणून आधी पाटी लावा, मग अर्ज करा. घरून धंदा असेल आणि घरचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देता तो परिसर दाखवता येतो. सुट्टीचे दिवस मात्र भरून ठेवा. नकाशावर 'उघडं' बघून लांबून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो एक तारा देऊनच जातो.

इन्स्टाग्राम: काय दाखवायचं

खातं उघडताना प्रोफेशनल प्रकार निवडा; त्यालाही पैसे पडत नाहीत आणि कोणत्या शहरातले लोक बघतात ते कळतं. नावात गाव आणि वस्तू दोन्ही येऊ द्या. परिचयाला दीडशे अक्षरं मिळतात, तेवढ्यात माल, गाव आणि "पार्सल सगळीकडे" बसवा. खाली व्हॉट्सॲपची लिंक द्या. ती बिझनेस ॲपच्या टूल्समध्येच तयार मिळते.

मग काय टाकायचं? सण आला की मालकाचा हात जोडलेला फोटो आणि "हार्दिक शुभेच्छा", असं चौकातल्या फ्लेक्ससारखं पान मी कितीतरी दुकानांचं पाहिलंय. ते बघायला परका माणूस थांबत नाही. तो थांबतो कामाच्या दृश्यावर, आणि त्या बाबतीत आपल्या खान्देशात काहीच कमी नाही.

बिबड्यांचंच घ्या. ज्वारी भिजवायची, दळायची, घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर हाताने गोल गोल पसरायचा, उन्हात कडक वाळू द्यायचा. त्यानंतर कापड उलटं करून मागून पाणी शिंपडलं की अख्खा बिबडा अलगद सुटून हातात येतो. तो सुटण्याचा क्षण हीच तुमची रील. त्याच क्षणापासून सुरू करा. सुरुवातीला लोगो, नमस्कार, "आज आपण पाहणार आहोत" यात दोन-तीन सेकंद गेले की बघणाऱ्याचं बोट वर सरकलेलं असतं. पंधरा-वीस सेकंद पुरेत. घाटा पसरणं नंतर दाखवा, शेवटी तळलेला बिबडा मोडतानाचा कुरकुर आवाज, आणि स्क्रीनवर दर व गाव.

चित्रण करताना:

- फोन उभा धरा. आधी लेन्स पुसा. पिठाच्या आणि तेलाच्या हातांनी फोन धरणाऱ्यांचे निम्मे व्हिडिओ यामुळेच धूसर येतात.
- मे महिन्यात आपल्याकडचं दुपारचं ऊन कॅमेऱ्याला झेपत नाही. पांढऱ्या कापडावर पांढरा बिबडा नुसता चमकतो. सकाळी सात-आठच्या आत घ्या, किंवा रंगीत सुती साडीवर वाळत घाला. स्क्रीनवर बिबड्यावर बोट टेकवलं की उजेड कमी-जास्त करायची खूण येते, ती थोडी खाली ओढा.
- घरात घ्यायचं तर ट्यूबलाइट बंद, दार उघडं, वस्तू दाराच्या बाजूला.
- खरा आवाज ठेवा. बिझनेस खात्यावर गाजलेली गाणी बहुतेक मिळत नाहीत, आणि कढईतल्या तेलाचा आवाज गाण्यापेक्षा जास्त भूक लावतो.

मसाल्याचं दुकान असेल तर मिरची भाजणं-कुटणं, नंदुरबारच्या बाजारातला लाल ढीग. भरीत विकत असाल तर काड्यांच्या जाळावर काळी पडलेली वांगी आणि साल काढल्यावर निघणारी वाफ. शिलाई करणाऱ्याने कापड बेतण्यापासून ग्राहकाच्या अंगावर बसेपर्यंत. चेहरा दाखवायचा नसेल तर हात दाखवा. घरच्या सुनेला कॅमेऱ्यासमोर बळेच उभं करू नका. तो संकोच बघणाऱ्याला दिसतो.

भाषेचं काय? माल खान्देशी असेल तर बोली ही मोठी ताकद आहे. "बिबडा वाळी ऱ्हायनात" (बिबडे वाळतायत) एवढं अहिराणीत ऐकलं की सुरतेतला माणूस आधी बायकोला दाखवतो, मग भावाला पाठवतो. पण सगळा खान्देश अहिराणी बोलत नाही. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली आहे, जिच्यात बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घडल्या. सातपुड्यात भिल्ली आणि पावरी आहेत. जी बोली तुमच्या घरात आहे तीच बोला. उसन्या बोलीत मुद्दाम हेल काढला की लोक लगेच ओळखतात आणि टिंगल करतात. खाली मराठीत मजकूर द्या म्हणजे पुणेकरांनाही कळेल.

किती टाकायचं? आठवड्याला दोन रील्स, वर्षभर. रोज एक टाकून महिन्याने दमून बंद पडण्यापेक्षा हे बरं. एका सकाळी माल बनताना पाच-सहा तुकडे घेऊन ठेवले की महिन्याची सोय होते.

दिनदर्शिका भिंतीवर लावा

आपल्या भागात खरेदी सणावारावर चालते, तेव्हा पोस्टही तिच्याच तालावर हवी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. मसाला-पापडाचं वर्षाचं कामही त्याच उन्हात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा उत्सव, तिच्या रोटाला (नैवेद्याच्या जेवणाला) बाहेरगावचे भाऊबंद गावी येतात आणि परतताना पिशव्या भरून नेतात. पोळ्याला बैलांचा साज. थंडीत भरीत पार्ट्या. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार, तिथे बाहेरून येणारी गर्दी वेगळीच.

सणाच्या दिवशी पोस्ट टाकून उपयोग नाही, त्या दिवशी लोक खरेदी उरकून जेवत असतात. पंधरा-वीस दिवस आधी "आखाजीसाठी ऑर्डर सुरू" असं टाका आणि शेवटची तारीख ठळक लिहा. तारीख दिली की हात हलतो.

ऑर्डर आली, आता पोचवा

सगळ्यात जास्त नाव इथे खराब होतं. बिबडा हातात धरला की मोडतो, आणि चुरा होऊन पोचलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ तुमच्या रीलपेक्षा जास्त फिरतो. जाड पुठ्ठ्याचं खोकं, आत कागद कोंबून, वर "नाजूक माल". आधी एक पार्सल पुण्याच्या नातेवाइकाला पाठवून बघा, त्याला उघडतानाचा फोटो मागा, मग धंदा सुरू करा. स्पीड पोस्ट आहे, एसटीची पार्सल सेवा आहे, आणि जळगाव-धुळ्याहून रात्री निघणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्समधूनही माल जातो. तिथे गाडीचा नंबर आणि उतरण्याचा थांबा गिऱ्हाईकाला लगेच कळवा.

खाण्याचा पदार्थ पाकिटातून विकत असाल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवा. "आम्ही घरगुती" म्हणून सूट मिळत नाही. आणखी एक: जळगावची केळी आणि जळगावचं भरताचं वांगं यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नवापूरच्या तूरडाळीलाही मिळालं. ही माहिती रीलमध्ये जरूर सांगा, पण मानांकनाची खूण पाकिटावर छापायची असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

पैसे घालून जाहिरात

दोन महिने घाई करू नका. कोणती रील आपोआप चालते ते आधी बघा. जी चालली तिच्यावरच पैसे लावा. पडलेल्या रीलला पैशाने उठवता येत नाही. जाहिरात लावताना उद्देश 'मेसेज' ठेवा म्हणजे माणूस सरळ व्हॉट्सॲपवर येतो. नुसत्या लाइकने पोट भरत नाही. शेवभाजीवाल्याने आपल्या दुकानाभोवतीचे दहा-पंधरा किलोमीटर निवडावेत, बिबडेवाल्या ताईने सुरत, पुणे, नाशिक. अख्खा महाराष्ट्र ठेवलात तर पैसे अशा लोकांवर जातील ज्यांना बिबडा म्हणजे काय हेच माहीत नाही. दिवसाला दोनशे रुपये, चार-पाच दिवस, एवढ्याने अंदाज येतो. वर १८ टक्के जीएसटी धरा.

"हजार रुपयांत पाच हजार फॉलोअर" विकणारे तुम्हाला मेसेज करतीलच. घेऊ नका. ती रिकामी खाती असतात, आणि तुमची पोस्ट त्यांच्यापुढे जाऊन पडली की खऱ्या माणसांपर्यंत कमी पोचते. गावातले फूड ब्लॉगर मात्र उपयोगी ठरू शकतात. पैसे ठरवण्याआधी त्यांच्या खात्याची इनसाइट्स (बघणाऱ्यांची आकडेवारी) मागा, बघणारे कोणत्या शहरातले ते पाहा. कोलॅब पोस्ट करून घ्या, म्हणजे तीच रील दोघांच्या पानावर दिसते.

काय मोजायचं

ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा: "आमचं नाव कुठून कळलं?" प्रत्येकाला विचारा. रील बघून, नातेवाइकाने सांगून, नकाशावरून, पाकिटावरच्या नंबरवरून. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. लाखभर व्ह्यूज गेलेल्या रीलने एकही ऑर्डर आणलेली नसते, आणि स्टेटसला टाकलेल्या साध्या फोटोने पाच किलो मसाला गेलेला असतो. जिथून ऑर्डर येते तिथे वेळ घाला.

वहीत गिऱ्हाईकांचे नंबरही असू द्या. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा गावोगावच्या कलाकारांचे लाखो फॉलोअर एका झटक्यात गेले. इन्स्टाग्राम काही तुमच्या मालकीचं नाही. नंबरांची वही तुमची आहे.

फसवणूक आणि चाव्या

मोठी ऑर्डर देणारा, सैन्यात असल्याचं सांगणारा आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा भेटला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, बँकेचा निरोप किंवा खातं बघा, मगच माल हलवा. "तुमचं पान कॉपीराइटमुळे बंद होणार, इथे क्लिक करा" हाही सापळाच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. व्हॉट्सॲपला सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी लावा, इन्स्टाग्रामलाही लावा.

शेवटचं काम किरकोळ वाटतं, पण यात बरीच पानं बुडाली आहेत. खातं बहुतेक वेळा भाचा किंवा पुतण्या उघडून देतो, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नंबरवर. तो पुढे पुण्याला नोकरीला लागतो, फोन बदलतो, पासवर्ड विसरतो, आणि दुकानाचं पान कुलूपबंद होतं. आजच त्याला बसवा, ईमेल आणि नंबर धंद्याचा टाकून घ्या, पासवर्ड त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वही कपाटात ठेवा. रील्स तो पुण्याहूनही बनवून देऊ शकेल.